अशांत टापूतल्या देशात जायचंय? तिकिटाआधीची तपासणी, क्रमाने

"तिकीट काढलंय. आता सांगा, जाऊ का?" हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. पैसे भरून झाले की माणूस बातम्या वाचतो त्यासुद्धा स्वतःची समजूत घालण्यापुरत्या. 'सगळं ठीक आहे' म्हणणारा एक व्हिडिओ सापडला की शोध थांबतो.

कोकणातून अशा टापूत जाणारे थोडेथोडके नाहीत. अलिबाग, रेवदंडा, पेणकडची बेने इस्रायली मंडळी अश्दोद, लोद, दिमोनाला नातेवाइकांकडे जातात. श्रीवर्धन, महाड, खेड, चिपळूणकडून अम्मानमार्गे बैतुल मुकद्दसला (जेरुसलेमला) किंवा बगदादच्या जियारतीला, म्हणजे दर्ग्यांच्या यात्रेला, जाणारे गट असतात. आखातात नोकरी करणाऱ्या मुलाकडे महिनाभर राहायला जाणारे आईवडील तर गावोगाव आहेत. हा लेख अशा भेटीच्या, यात्रेच्या आणि फिरण्याच्या प्रवासासाठी आहे. नोकरीसाठी जाणाऱ्यांनी एजंटची नोंदणी, ई-मायग्रेट, करार हे सगळं वेगळं तपासायचं असतं, त्यात मी इथे शिरत नाही.

'तो देश सुरक्षित आहे का?' या प्रश्नावर वेळ घालवू नका. विचारायचं ते असं: या माणसाने, या तारखांना, या रस्त्याने जावं का, आणि बिघडलं तर तो बाहेर कसा पडेल? बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला की तांडेल वाद घालत बसत नाही, होडी काढत नाही. पण बावटा नाही म्हणून डोळे मिटून होडी लोटतो असंही नाही. इंजिन, खलाशी, परतीचा वारा सगळं बघतो. सरकारी सूचना म्हणजे तो बावटा. बाकीचं आपण बघायचं.

टप्पा १ : प्रवास कागदावर मांडा

वहीचं एक पान घ्या. त्यावर तारीखवार लिहा: रात्रीचा मुक्काम कुठे, दिवसा कुठल्या रस्त्याने, कुठली सीमा ओलांडायची, विमान कुठे बदलायचं. 'इस्रायल-जॉर्डन, १२ दिवस' एवढं लिहून काही कळत नाही. 'अम्मानला उतरणे, दुसऱ्या दिवशी किंग हुसेन पुलावरून पलीकडे, चार रात्री जेरुसलेम, दोन रात्री अश्दोद' असं लिहिलं की प्रत्येक ओळ स्वतंत्र तपासता येते. एकाच देशात दोनशे किलोमीटरवर परिस्थिती पार वेगळी असते. इजिप्तचंच घ्या: उत्तर सिनाई आणि लाल समुद्राकाठची पर्यटनाची गावं यांना एकाच मापाने मोजून चालत नाही.

विमान बदलायचं ठिकाणही याच पानावर यायला हवं, आणि नेमकं तेच लोक विसरतात. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी इराणने कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, त्या सुमारास कतार, अमिरात, बहरीन, कुवेत या सगळ्यांनी काही तास आकाश बंद केलं. ज्यांचा इराणशी काही संबंध नव्हता, जे दोहामार्गे युरोपला चालले होते, तेही अडकले. त्याआधी १३ जूनला इस्रायल, इराण, इराक आणि जॉर्डनचं आकाश एकाच दिवशी बंद झालं होतं. तेव्हा 'आम्ही फक्त दोन तास थांबणार आहोत' हे उत्तर पुरेसं नाही.

पानाच्या खाली जाणाऱ्या प्रत्येकाविषयी एक ओळ लिहा: वय, औषधं, जिने उतरता येतात का, हिंदी-इंग्रजी किती येतं. हे उगाच नाही सांगत. हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा वाजल्यावर आसऱ्याला पोचायला गाझाजवळच्या इस्रायली गावांत १५ सेकंद मिळतात, तेल अवीवच्या बाजूला दीड मिनिट. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सत्तरीच्या आजींना तिसऱ्या मजल्यावरच्या, सुरक्षित खोली नसलेल्या जुन्या घरात ठेवायचं का, हा प्रश्न देशाचा राहत नाही, त्या घराचा होतो.

तारखाही बघा. मोठे सण, निवडणूक, एखाद्या हल्ल्याचा स्मरणदिन, इराकमधल्या कर्बलातली अरबईन यात्रेची गर्दी यातलं काही आपल्या दिवसांत येत असेल तर लाल पेनाने लिहून ठेवा.

*तपासा:* पान एखाद्या तिऱ्हाइताला दाखवा. प्रत्येक रात्री तुम्ही कुठे असाल हे त्याला न विचारता कळलं, तर टप्पा झाला.

टप्पा २ : सरकारी सूचना वाचा, पूर्ण वाचा

सुरुवात आपल्या परराष्ट्र मंत्रालयापासून आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळापासून. आपल्या सूचना छोट्या असतात, एकदीड परिच्छेदाच्या. त्यामुळे प्रत्येक शब्दाला वजन असतं. साधारण चढती भाजणी अशी: सतर्क राहा आणि दूतावासाच्या संपर्कात राहा, अनावश्यक प्रवास टाळा, प्रवास करू नका, मिळेल त्या साधनाने देश सोडा. घरगुती भेट किंवा पर्यटन हे 'अनावश्यक' मध्येच धरा. भाचीचं लग्न आपल्याला कितीही आवश्यक वाटलं, तरी सूचनेच्या भाषेत ते तसं नसतं.

सूचनेची तारीख बघा. व्हॉट्सॲपवर फिरणारं पत्र खरं असतं, पण दोन वर्षांपूर्वीचं असतं. उलटही होतं: नवी सूचना निघालेली असते आणि आपण जुनीच वाचून निर्धास्त असतो.

*इशारा:* काही वेळा सूचनेच्या पुढे जाऊन थेट बंदी घातली जाते. येमेनला जाण्यावर भारत सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. अशा ठिकाणी तिसऱ्या देशातून आत शिरण्याचा सल्ला देणारा एजंट तुमचा पासपोर्ट धोक्यात घालतो.

मग दोन परदेशी सूचना वाचा, कारण त्या जिल्ह्याजिल्ह्यापर्यंत तपशील देतात. ब्रिटनच्या सूचनेत रंगवलेला नकाशा असतो. तुमच्या पानावरचं प्रत्येक गाव त्यावर शोधा. दुसरी सूचना अमेरिकेची किंवा ऑस्ट्रेलियाची घ्या. हे दोघे देशांना १ ते ४ अशा पायऱ्या देतात. ४ म्हणजे जाऊ नका.

या परदेशी सूचना किती ताणून आणि किती सैल वाचायच्या, हे कळायला एक सोपा अभ्यास आहे. अमेरिकेची भारताविषयीची सूचना वाचा. भारताला एकूण २ ची पायरी, मणिपूरला आणि जम्मू-काश्मीरच्या बहुतेक भागाला ४ ची. माओवादी कारवायांच्या संदर्भात पूर्व महाराष्ट्राचंही नाव त्यात बरीच वर्षं येत आलं आहे. आता मालवणात मासे खायला येणाऱ्या अमेरिकन पाहुण्याने 'महाराष्ट्र' हा शब्द वाचून बेत रद्द केला, तर आपण काय म्हणू? गडचिरोली कुठे, मालवण कुठे! पण तोच पाहुणा 'भारत २ नंबरवर आहे' एवढंच वाचून मणिपूरच्या डोंगराळ जिल्ह्यात एकटा निघाला, तर? दोन्ही चुका आपण दुसऱ्याच्या देशाबद्दल रोज करतो. आकडा देशाचा असतो. प्रवास गावाचा असतो. आकड्याखालचा मजकूर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सूचना वाचताना कारणही वेगळं काढा. चोरीमारी आणि फसवणूक असेल तर सावधगिरीने पुष्कळ भागतं. अपहरण, मनमानी अटक, क्षेपणास्त्रं यापुढे तुमची सावधगिरी फारशी चालत नाही. दुसऱ्या प्रकारचं कारण दिसलं की टप्पा ४ दुप्पट काळजीने करा.

*तपासा:* या तीनपैकी (आपली आणि दोन परदेशी) कुठल्याही एका सूचनेने तुमच्या मार्गावरच्या ठिकाणाला 'जाऊ नका' म्हटलं असेल, तर ते ठिकाण पानावरून खोडा आणि उरलेला प्रवास जमतो का बघा. आपल्या सरकारने 'जाऊ नका' म्हटलं असेल तर इथेच थांबा. पुढचे टप्पे करायची गरज नाही.

टप्पा ३ : तिथल्या माणसाला नीट विचारा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. रेवदंड्याहून फोन जातो, "अगं, बरं आहे ना तिकडे?" पलीकडून उत्तर येतं, "काही होत नाही गं, ये तू बिनधास्त. आम्ही राहतोच ना!" दोघीही खऱ्या बोलतात. पण तिकडच्या बहिणीला भोंग्याची सवय आहे, भाषा येते, घरात काँक्रीटची सुरक्षित खोली आहे (तिकडे तिला 'ममाद' म्हणतात), गाडी आहे, आणि आत्ता कुठल्या रस्त्याने जायचं नाही हे तिला न विचारता ठाऊक आहे. यातलं पाहुणीकडे काहीच नाही. शिवाय इतक्या वर्षांनी बहीण येतेय, तिला 'नको येऊ' कोण म्हणेल?

म्हणून मत विचारू नका. घडलेलं विचारा:

- शेवटचा भोंगा कधी वाजला? तेव्हा तू कुठे होतीस, काय केलंस?
- मुलांची शाळा या महिन्यात किती दिवस बंद होती?
- मागच्या सुट्टीच्या दिवशी कुठे गेला होतात? कुठे जायचं टाळलंत?
- मी झोपेन त्या खोलीपासून आसरा किती पायऱ्यांवर आहे? रात्री जिन्यात दिवा असतो?
- तू कामावर गेलीस की दिवसभर माझ्याबरोबर घरी कोण?
- इथून कुणी पाहुणा शेवटचा कधी आला होता?

'काही होत नाही' म्हणणारी तीच बहीण 'शाळा मागच्या आठवड्यात तीन दिवस बंद होती' असंही सहज सांगून जाते. निर्णय त्या दुसऱ्या वाक्यावर घ्यायचा असतो.

गटाने जाणार असाल तर हीच चौकशी एजंटकडे, पण लेखी. मंत्रालयाची सूचना निघाली तर पैसे किती परत? सीमा बंद झाली तर पर्यायी कार्यक्रम कोणता, जादा खर्च कुणाचा? तिकडचा स्थानिक सहल चालक कोण, त्याचा फोन कोणता? पासपोर्ट कुणाच्या ताब्यात राहणार? 'आपला माणूस आहे, बघून घेऊ' हे चिपळूणच्या दुकानात बसून ठीक आहे. बंद पडलेल्या सीमेवर त्याला काही अर्थ नसतो. लेखी द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याबरोबर जाऊ नका. त्याच्या मनात काळंबेरं असेलच असं नाही, पण त्याने या गोष्टींचा विचारच केलेला नसतो.

*इशारा:* यूट्यूबवरचा 'मी तिथे गेलो, काही झालं नाही' हा पुरावा धरू नका. चित्रीकरण कधीचं आहे हे त्यात बहुधा सांगितलेलंही नसतं.

टप्पा ४ : बाहेर पडायच्या दोन वाटा शोधा

एक वाट विमानतळाची. ती बंद होणार हे धरूनच दुसरी शोधायची.

२०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानमध्ये लढाई पेटली तेव्हा खार्तूमचा विमानतळ पहिल्याच दिवशी लढाईत सापडला. भारतीयांना बसने सुमारे ८५० किलोमीटरवरच्या पोर्ट सुदानला नेऊन तिथून जेद्दाला आणलं गेलं. जून २०२५ मध्ये इराणमधले काही विद्यार्थी रस्त्याने आर्मेनियात गेले आणि येरेवानहून विमानात बसले. इस्रायलमधून निघालेले जॉर्डन आणि इजिप्तच्या सीमा ओलांडून बाहेर आले. सरकार मदत करतं, मोठ्या प्रमाणावर करतं. पण ती मदत ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या वेळी आणि नाव नोंदवलेल्यांना मिळते. त्या जागेपर्यंत निदान काही अंतर आपल्यालाच जावं लागतं.

दुसऱ्या वाटेबद्दल तीन गोष्टी शोधा.

पहिली, ती सीमा कधी उघडी असते. जॉर्डन आणि वेस्ट बँकमधला किंग हुसेन पूल, ज्याला पलीकडे ॲलनबी म्हणतात, शुक्रवार-शनिवारी इतर दिवसांसारखा उघडा नसतो. ८ सप्टेंबर २०२४ ला तिथे गोळीबार झाला आणि जॉर्डनला लागलेल्या इस्रायलच्या सगळ्याच जमिनीवरच्या सीमा बंद केल्या गेल्या. म्हणजे एका पुलाला दुसरा पूल हा पर्याय धरता येत नाही.

दुसरी, शेजारच्या देशाचा व्हिसा. जॉर्डनचा व्हिसा भारतीयांना अम्मानच्या विमानतळावर मिळतो, या पुलावर मिळत नाही. अम्मानहून येऊन त्याच पुलाने परतणाऱ्याची गोष्ट वेगळी. पण थेट तेल अवीवला उतरलेल्या पाहुण्याने ऐन वेळी पुलावर जाऊन व्हिसा मागितला, तर तो तिथेच अडकेल.

तिसरी, आपला दूतावास त्या देशात आहे का, चालू आहे का. येमेनमधल्या आपल्या दूतावासाचं काम २०१५ पासून देशाबाहेरून चालतं. दूतावास नसलेल्या देशात पासपोर्ट हरवणं म्हणजे काय, याची कल्पना केलेली बरी.

जाता जाता: इस्रायल पासपोर्टवर शिक्का न मारता वेगळी चिठ्ठी देतं. पण जॉर्डनच्या जमिनीवरच्या सीमेचा शिक्का पासपोर्टवर बसला, तर तो तुम्ही कुठे जाऊन आलात ते सांगतोच. ज्यांना पुढे लेबनॉन किंवा इराणला जायचं आहे त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

*तपासा:* दुसरी वाट पानावर गावांच्या नावांसह लिहिता येते का? 'काहीतरी होईल' असं लिहावं लागत असेल तर तारखा पुढे ढकला.

टप्पा ५ : विमा, वगळलेल्या कलमांपासून वाचायला सुरुवात करा

पॉलिसीचं पहिलं पान जाहिरात असते. 'काय समाविष्ट नाही' ते पान उघडा. युद्ध, आक्रमण, यादवी यांमुळे झालेलं नुकसान बहुतेक प्रवास विम्यांत वगळलेलं असतं. दहशतवादी हल्ल्याचं कलम कधी असतं, कधी मर्यादेसह असतं. सरकारी सूचना डावलून केलेला प्रवास आणि पॉलिसी घेताना आधीच जगजाहीर असलेली घटना या दोन कलमांवर दावे अडतात. लढाई सुरू झाल्याची बातमी सकाळी वाचून दुपारी घेतलेली पॉलिसी त्या लढाईसाठी कामाची नाही.

कंपनीला ईमेल करा: 'मी अमुक तारखांना अमुक शहरात असेन. सूचना निघून विमान रद्द झालं, तर जादा मुक्कामाचा आणि नव्या तिकिटाचा खर्च मिळेल का?' उत्तर लेखी घ्या. फोनवरचं 'हो सर, सगळं कव्हर आहे' मोजू नका.

टप्पा ६ : मर्यादा लिहा, मगच तिकीट

कुठल्या गोष्टी घडल्या तर जायचं नाही, हे डोकं शांत असताना लिहून काढा आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. उदाहरणार्थ: आपल्या सरकारने 'अनावश्यक प्रवास टाळा' म्हटलं तर रद्द, मुक्कामाच्या शहरात आठवड्यात दोनदा भोंगा वाजला तर रद्द, विमान कंपनीने त्या शहराच्या फेऱ्या थांबवल्या तर दुसऱ्या कंपनीचं तिकीट शोधायचं नाही, रद्द. शेवटचं कलम मुद्दाम घाला. एका कंपनीने थांबवलं म्हणून दुसरीचं स्वस्त तिकीट पकडणारे लोक असतात.

आता तिकीट. तारीख बदलता येणारं घ्या, चार पैसे जास्त जातील. जाणं-येणं आणि मधला टप्पा एकाच पीएनआरवर ठेवा. वेगवेगळी तिकिटं जोडली आणि पहिलं विमान रद्द झालं, तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही. हॉटेलही रद्द करता येणारं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने हवी.

टप्पा ७ : पैसे, फोन, कागद

यूपीआयवर विसंबू नका. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आपण चालू करेपर्यंत बंद असू शकतात. ते इथे असतानाच करून बघा. दोन वेगळ्या बँकांची कार्डं, दोन वेगळ्या पिशव्यांत. डॉलरच्या छोट्या नोटा ठेवा. परकीय चलनाच्या नोटा साधारणपणे एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, इराक आणि लिबियासाठी ५,०००. सीमेवर टॅक्सीवाल्याकडे शंभराच्या नोटेचे सुटे नसतात, हे सांगायला नको.

भारतातलं सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार, त्यामुळे रोमिंग चालू करूनच निघा.

नकाशे आधी उतरवून घ्या, पण त्यांच्यावरही पूर्ण भरवसा नको. लढाईच्या काळात जीपीएसमध्ये मुद्दाम गडबड केली जाते. इस्रायलमध्ये असलेल्या माणसाचा फोन त्याला बैरूतच्या विमानतळावर दाखवतो असं घडलेलं आहे. त्या वेळी टॅक्सीचं ॲप निरुपयोगी. मुक्कामाचा पत्ता तिथल्या लिपीत कागदावर लिहून घ्या, यजमानांकडून लिहून मागा.

आणीबाणीचे नंबर पाठ करा. इस्रायलमध्ये पोलीस १०० हे आपल्याला ओळखीचं, पण १०१ म्हणजे तिकडे रुग्णवाहिका. आपल्या डोक्यात १०१ म्हणजे अग्निशमन बसलेलं असतं.

*इशारा:* लष्करी ठाणी, सीमा, पडलेलं क्षेपणास्त्र, धूर यांचे फोटो काढू नका, गावच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. अशा फोटोंवरून अटक होऊ शकते.

टप्पा ८ : शेवटचे ७२ तास

मुंबईतल्या माणसाला शेवटच्या क्षणी निर्णय बदलणं सोपं असतं. रत्नागिरी मुंबईपासून सव्वातीनशे किलोमीटरवर आहे, सावंतवाडी त्याहून लांब. तेव्हा आपली निर्णयाची वेळ विमानाच्या वेळेवरून धरू नका, घर सोडण्याच्या वेळेवरून धरा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि घाटात दरड आली तर महामार्गाचा भरवसा नाही. म्हणून एक दिवस आधी निघून पनवेल-ठाण्याकडे कुणाकडे तरी मुक्काम करणं बरं. त्या मुक्कामाला शेवटची तपासणी होते.

1. ७२ तास आधी: तिन्ही सूचना पुन्हा वाचा. मर्यादांचा कागद समोर ठेवा.
2. ४८ तास आधी: यजमानांना टप्पा ३ मधले प्रश्न पुन्हा विचारा.
3. २४ तास आधी: आपल्या विमानाची कालची आणि परवाची फेरी गेली का, किती उशिरा गेली, हे बघा. सलग रद्द होत असतील तर निघू नका.
4. घर सोडताना: दूतावास नाव नोंदवून घेत असेल तर ऑनलाइन अर्ज भरा. त्यात यजमानांचा फोन द्या, फक्त स्वतःचा नको.

मर्यादा ओलांडली गेली असेल तर चर्चा पुन्हा उघडू नका. "एवढी तयारी झाली, पेढे वाटून झाले" हे कारण त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

मागे राहणाऱ्यासाठी

घरी एकच माणूस ठरवा. त्याच्याकडे ते तारखांचं पान, पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची प्रत, विम्याचा क्रमांक, यजमान, एजंट आणि दूतावासाचे फोन ठेवा. रोज एक ठरलेली वेळ. तेव्हा फक्त 'पोचलो' एवढा संदेश पुरे.

संदेश आला नाही तर पहिले काही तास वाट बघा. अशा टापूत नेट बंद पडणं हे नेहमीचं आहे. मग यजमान, मग एजंट, मग दूतावासाचा आणीबाणीचा नंबर, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंद. दहा नातेवाइकांनी दहा ठिकाणी फोन करून वेगवेगळी माहिती देऊ नये. दूतावासाला एकच ईमेल जावा आणि त्यात पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, शेवटचा ठाऊक असलेला पत्ता आणि शेवटचा संदेश किती वाजता आला ते भारतीय वेळेनुसार लिहिलेलं असावं.